कार्टर जी. वुडसन

कार्टर गॉडविन वुडसन (१९ डिसेंबर, १८७५ : न्यू कँटन, व्हर्जिनिया, अमेरिका – ३ एप्रिल, १९५० : वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका) हे अमेरिकन इतिहासकार, शिक्षक, संपादक आणि प्रकाशक होते. आफ्रिकी-अमेरिकन लोकांच्या इतिहासाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू करणाऱ्यांमध्ये त्यांची प्रामुख्याने गणना होते. अमेरिकेत दरवर्षी फेब्रुवारीत पाळल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’चे मूळ त्यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या सप्ताहात आहे. त्यांची ओळख बहुधा या सप्ताहापुरतीच करून दिली जाते. वस्तुतः तो त्यांच्या कार्याचा केवळ दर्शनी भाग होता. कृष्णवर्णीय मुलांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकांत त्यांच्या पूर्वजांना एकतर स्थान नव्हते, किंवा असलेच तर ते अवहेलनेचे होते. हे ओळखून वुडसन यांनी नवी पुस्तके लिहिली, इतरांकडून लिहवून घेतली, स्वतः छापली आणि शाळांपर्यंत पोहोचवली. सुमारे ३५ वर्षे त्यांनी हा व्याप सांभाळला.

‘निग्रो’ हा शब्द वुडसन यांच्या काळात सर्रास वापरला जात असे. आज तो अप्रशस्त मानला जातो. प्रस्तुत लेखात तो केवळ संस्थांच्या व ग्रंथांच्या मूळ नावांत ठेवला आहे.

पूर्वायुष्य

वुडसन यांचे वडील जेम्स हेन्री वुडसन आणि आई अ‍ॅन एलायझा रिडल हे दोघेही जन्माने गुलाम होते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि त्याच वर्षी गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. वुडसन यांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. त्या मुक्ततेनंतरच्या पहिल्याच पिढीत वुडसन जन्मले.

घरची परिस्थिती हलाखीची होती. वडील सुतारकाम व शेती करीत. त्यांना लिहिता-वाचता येत नसे, परंतु मुलांनी शिकावे याविषयी त्यांचा कटाक्ष होता. गावची शाळा एका खोलीची आणि वर्षातून काही महिनेच भरणारी होती. तेथे वुडसन यांचे मामा शिकवीत. शेतीच्या कामामुळे कार्टर यांना नियमित शाळेत जाता येत नसे. वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे हा त्यांच्या वाचनाचा पहिला सराव होय.

खाणकामगारांचे वाचन

किशोरवयाच्या अखेरीस वुडसन वेस्ट व्हर्जिनियातील फेएट परगण्यात कोळशाच्या खाणीत कामाला लागले. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कृष्णवर्णीय खाणकामगार होते. यादवी युद्धात सैनिक म्हणून लढलेले जोन्स आपल्या राहत्या घरी कामगारांसाठी चहा-फराळाची सोय करीत. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. तरीही कृष्णवर्णीयांनी लिहिलेली पुस्तके आणि वर्तमानपत्रे त्यांनी घरात जमवली होती. विल्यम सिमन्स यांचा ‘मेन ऑफ मार्क’ हा चरित्रसंग्रह आणि जोसेफ विल्सन यांचा कृष्णवर्णीय सैनिकांवरील ‘द ब्लॅक फॅलँक्स’ हा ग्रंथ त्यांत होता. या तरुणाला वाचता येते असे समजताच जोन्स यांनी त्याच्याकडे वाचनाचे काम सोपवले. दिवसभर खाणीत राबलेले कामगार संध्याकाळी जमत. वुडसन वाचून दाखवीत आणि मोबदल्यात त्यांना खाऊ मिळे.

या बैठकांत पुस्तकातील मजकुराबरोबर ऐकणाऱ्यांच्या आठवणीही निघत. युद्धाविषयीचे प्रकरण वाचले जाई तेव्हा त्या युद्धात प्रत्यक्ष लढलेली माणसे समोर बसलेली असत. आपल्या लोकांच्या भूतकाळाविषयीचे कुतूहल येथेच जागे झाले, असे वुडसन यांनी पुढे नमूद केले आहे. त्यांच्या नंतरच्या पदव्यांची यादी मोठी आहे. तथापि त्यांच्या कार्याचा उगम या निरक्षर माणसाच्या पुस्तकसंग्रहात शोधावा लागतो.

शिक्षण

वयाच्या विसाव्या वर्षी, १८९५ मध्ये, वुडसन यांनी हंटिंग्टन येथील डग्लस हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या आत पूर्ण केला. त्यानंतर त्यांनी खाणकामगारांच्या मुलांना शिकवले आणि १९०० मध्ये ते डग्लस हायस्कूलचेच मुख्याध्यापक झाले. केंटकीतील बेरिया कॉलेजात गोरे व कृष्णवर्णीय विद्यार्थी एकत्र शिकत असत. तेथून त्यांनी १९०३ मध्ये पदवी घेतली. पुढच्याच वर्षी केंटकी राज्याने अशा एकत्र शिक्षणास बंदी करणारा कायदा केला व बेरियाचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद झाले.

पुढे शिकागो विद्यापीठातून १९०८ मध्ये त्यांनी बी.ए. व एम.ए. या पदव्या मिळवल्या आणि १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची इतिहासातील डॉक्टरेट संपादन केली. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यानंतरचे दुसरे आफ्रिकी-अमेरिकन होत. वॉशिंग्टनमध्ये शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कागदपत्रे चाळत त्यांनी आपला प्रबंध पुरा केला. कृष्णवर्णीयांना सांगण्याजोगा इतिहासच नाही, हे मत तेव्हाच्या विद्यापीठांत विद्वानांकडूनही ऐकू येत असे. हे मत खोडायचे तर प्रथम पुरावे जमवले पाहिजेत, असा वुडसन यांचा निष्कर्ष होता.

फिलिपिन्समधील अनुभव

बेरियाची पदवी मिळाल्यावर १९०३ च्या अखेरीस वुडसन फिलिपिन्सला गेले. स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या त्या बेटांवर अमेरिकन सरकार शाळा चालवत होते. तेथे ते १९०७ च्या आरंभापर्यंत शिक्षक व पर्यवेक्षक होते. या काळाला त्यांच्या चरित्रांत सहसा थोडी जागा मिळते. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तो निर्णायक ठरला.

तेथील शाळांत अमेरिकेहून आलेली पाठ्यपुस्तके वापरली जात. त्यांतील झाडे, फळे, हवामान आणि थोर पुरुष सारेच परके होते. नामांकित विद्यापीठांतून प्रशिक्षण घेऊन आलेले शिक्षक ती पुस्तके जशीच्या तशी शिकवीत आणि मुलांना काहीच उमगत नसे. विम्याच्या व्यवसायातून आलेल्या, अध्यापनाचे कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या एका शिक्षकाला मात्र यश आले. पुस्तकातील गाण्यात सफरचंदाचे झाड होते. मुलांनी सफरचंद कधी पाहिलेले नव्हते. त्याने त्याऐवजी लोम्बॉयचे, म्हणजे आपल्याकडील जांभळाचे, झाड घातले. वाचनाच्या पाठात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जागी त्याने फिलिपिनो देशभक्त होसे रिझाल यांची गोष्ट आणली. मुले भराभर शिकू लागली. वुडसन यांनी हा प्रसंग तीस वर्षांनंतर आपल्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात सविस्तर सांगितला आहे.

संस्था आणि नियतकालिक

गुलामगिरीच्या अंताला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त १९१५ च्या उन्हाळ्यात शिकागो येथे मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहण्यासाठी हजारो कृष्णवर्णीय लोक दुरून आले. लोकांची ही ओढ पाहून वुडसन यांनी ९ सप्टेंबर, १९१५ रोजी शिकागोतील वॉबॅश अ‍ॅव्हेन्यू येथील वाय.एम.सी.ए.मध्ये काही सहकाऱ्यांसह ‘असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ निग्रो लाइफ अँड हिस्टरी’ ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी गुलामगिरीच्या काळातील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जानेवारी १९१६ मध्ये ‘द जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी’ या त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. त्याचा खर्च वुडसन यांनी स्वतःच्या खिशातून केला.

नोकरी चालूच होती. वॉशिंग्टनमधील शाळा, नंतर हॉवर्ड विद्यापीठ, आणि तेथील अध्यक्षांशी मतभेद झाल्यावर १९२० ते १९२२ वेस्ट व्हर्जिनिया कॉलेजिएट इन्स्टिट्यूट अशा जागा त्यांनी सांभाळल्या. १९२२ पासून त्यांनी सर्व वेळ संस्थेला दिला.

तत्कालीन शालेय पुस्तके

वुडसन यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळच्या शाळांची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या. गोऱ्यांच्या शाळांतून बाद झालेली, फाटकी पुस्तके अनेकदा कृष्णवर्णीयांच्या शाळांना दिली जात. म्हणजे शाळांना पुस्तके मिळत नव्हती असे नाही. जी मिळत ती अशी होती. त्यांतील मजकूर तर त्याहून क्लेशकारक असे. गुलाम आपल्या स्थितीत सुखी होते, मालक दयाळू होते आणि युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या हाती आलेली सत्ता हा निव्वळ अनागोंदीचा काळ होता, असे चित्र अनेक पुस्तकांत रंगवलेले असे. आफ्रिकेचा उल्लेख आलाच तर तो जंगल व रानटीपणा यांपुरता.

हे चित्र आपोआप टिकून राहिले नव्हते. युद्धात पराभूत झालेल्या दक्षिणेचे गुणगान करणाऱ्या संघटना कोणती पुस्तके शाळा-ग्रंथालयांत असावीत व कोणती नाकारावीत, यासाठी जागरूक असत. मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी १९२० च्या सुमारास पुस्तके पारखण्याचे निकष सांगणारी एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली होती. शाळेच्या कपाटात कोणते पुस्तक ठेवले जाते यावर काय अवलंबून असते, हे दोन्ही बाजूंना चांगलेच ठाऊक होते.

असोसिएटेड पब्लिशर्स

गोऱ्यांच्या प्रकाशनसंस्था अशी पुस्तके क्वचितच स्वीकारीत. म्हणून वुडसन यांनी १९२१ मध्ये ‘असोसिएटेड पब्लिशर्स’ ही प्रकाशनसंस्था काढली. तिच्यातर्फे १९२२ मध्ये आलेले ‘द निग्रो इन अवर हिस्टरी’ हे पुस्तक माध्यमिक शाळा व महाविद्यालयांत बराच काळ वापरले गेले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. लहान मुलांसाठी १९२८ मध्ये ‘निग्रो मेकर्स ऑफ हिस्टरी’ आणि ‘आफ्रिकन मिथ्स’ ही पुस्तके, माध्यमिक शाळांसाठी १९३५ मध्ये ‘द स्टोरी ऑफ द निग्रो रिटोल्ड’ आणि १९३९ मध्ये ‘आफ्रिकन हीरोज अँड हीरोइन्स’ असा क्रम पाहिला, तर एकाच विषयाची वयाप्रमाणे मांडणी करण्याची शिक्षकाची दृष्टी त्यात दिसते.

चित्रांबाबतही त्यांनी तितकाच विचार केला. चित्रकार लोइस मायलू जोन्स यांनी संस्थेच्या अनेक पुस्तकांची चित्रे काढली. एफी ली न्यूसम यांचा ‘ग्लॅडिओला गार्डन’ हा बालकवितांचा संग्रह (१९४०) जोन्स यांच्या चित्रांसह निघाला. बागेत खेळणारी, फुले पाहणारी कृष्णवर्णीय मुले पुस्तकात असणे ही गोष्ट तेव्हा दुर्मीळ होती. व्यंगचित्रासारखे जाड ओठ आणि वटारलेले डोळे हीच त्यांची छापील ओळख होती.

निग्रो हिस्टरी वीक

वुडसन यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पहिला ‘निग्रो हिस्टरी वीक’ जाहीर केला. अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारीला आणि फ्रेडरिक डग्लस यांचा जन्मदिवस १४ फेब्रुवारीला पाळला जाई. हे दोन्ही दिवस आधीपासूनच साजरे होत असल्याने तो आठवडा निवडला गेला. पहिल्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिना, डेलावेअर व वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या आणि बाल्टिमोर व वॉशिंग्टन या शहरांच्या शिक्षणखात्यांनी प्रतिसाद दिला.

सप्ताहासाठी संस्था पत्रके, थोर व्यक्तींची छायाचित्रे, नाटुकल्यांच्या संहिता आणि पुस्तकांच्या याद्या पाठवीत असे. सप्ताह संपल्यावर काय उरावे याचाही विचार त्यात होता. आपल्या गावच्या शाळेत व ग्रंथालयात या विषयाची पुस्तके आणि चित्रे ठेवली जावीत यासाठी खटपट करा, असे आवाहन संस्था स्थानिक मंडळांना करी. भाषणे आठवडाभरात संपतात, पुस्तक कपाटात राहते, हा त्यामागील साधा हिशेब होता. वर्षभराच्या अभ्यासाचे प्रदर्शन म्हणून हा सप्ताह असावा, ही त्यांची अपेक्षा होती. एका आठवड्यात इतिहास उरकणे त्यांना मान्य नव्हते.

‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’

हे पुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत जाऊन मूल स्वतःच्या समाजाचा तिरस्कार करायला शिकत असेल, तर ते शिक्षण नव्हे, हा त्याचा गाभा. टीकेचा रोख केवळ गोऱ्या सत्ताधाऱ्यांवर नाही. उच्च शिक्षण घेऊन आपल्याच लोकांपासून दुरावलेल्या कृष्णवर्णीय पदवीधरांनाही वुडसन यांनी धारेवर धरले आहे. पुस्तक काही ठिकाणी पुनरुक्त आणि सरसकट विधाने करणारे आहे. त्यातील अनेक लेख आधी वर्तमानपत्रांसाठी लिहिलेले असल्याने तसे झाले असावे. त्याचा प्रभाव मात्र आजही टिकून आहे.

पैसा आणि स्वायत्तता

संस्थेला १९२१ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने आणि १९२२ मध्ये लॉरा स्पेलमन रॉकफेलर मेमोरियल या निधीने प्रत्येकी २५,००० डॉलरांचे साहाय्य दिले होते. पुढे मोठ्या देणगीदारांनी संस्था एखाद्या कृष्णवर्णीय महाविद्यालयाशी जोडावी, असा आग्रह धरला. वुडसन यांनी तो नाकारला. संशोधन कोणते करावे आणि पुस्तक कोणते छापावे हे बाहेरच्यांनी ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात मोठ्या देणग्यांचा ओघ आटला.

यानंतर संस्था जगली ती शिक्षक, चर्च, महिला मंडळे आणि सामान्य वर्गणीदार यांच्या लहान रकमांवर. त्यांचे सहकारी, इतिहासकार लॉरेन्झो ग्रीन हे १९३० च्या उन्हाळ्यात चार विद्यार्थ्यांसह मोटारीने गावोगाव हिंडून पुस्तके विकत होते. लोकांजवळ पैसे नसण्याचे ते दिवस होते. ग्रीन यांची या काळातील रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली असून, एकेक प्रत खपवण्यासाठी काय यातायात करावी लागे हे तीवरून कळते.

शाळेत पुस्तके पोहोचल्यावर

ही पुस्तके शाळेत वापरणे सर्वत्र सुरक्षित नव्हते. ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी येथे १९२५ मध्ये शाळामंडळाने ‘द निग्रो इन अवर हिस्टरी’वर बंदी घातली आणि कृष्णवर्णीय शाळेच्या मुख्याध्यापकांना पद सोडावे लागले. लुइझियानातील वेबस्टर पॅरिशमध्ये १९३० नंतरच्या वर्षांत एक तरुण इतिहास शिक्षिका सरकारने ठरवून दिलेली टाचणे मेजावर ठेवी आणि वुडसन यांचे पुस्तक मांडीवर. दार बंद असले की ती मांडीवरचे पुस्तक वाचून दाखवी. तपासनीस आत आला की नजर मेजाकडे वळे. ही हकीकत तिच्या एका विद्यार्थ्याने पुढे सांगितल्यामुळे ज्ञात आहे. वुडसन यांच्या चळवळीचा खरा कणा अशा शिक्षिका होत्या. इतिहासग्रंथांत मात्र त्यांची नावे फारशी सापडत नाहीत.

शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असे स्वस्त नियतकालिक हवे, ही सूचना मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी केली. त्या १९३६ पासून संस्थेच्या अध्यक्षा होत्या. त्यानुसार ऑक्टोबर १९३७ पासून ‘निग्रो हिस्टरी बुलेटिन’ निघू लागले. शाळा चालू असण्याच्या महिन्यांतच त्याचे अंक येत.

व्यक्तिमत्त्व

वुडसन अविवाहित राहिले. वॉशिंग्टनमधील नाइन्थ स्ट्रीटवरील १५३८ क्रमांकाचे घर त्यांनी १९२२ मध्ये घेतले. खाली कार्यालय व पुस्तकांचे कोठार आणि वर निवास अशी व्यवस्था होती. जेवणासाठी ते बहुधा जवळच्या फिलिस व्हीटली वाय.डब्ल्यू.सी.ए.मध्ये जात. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी १९२५ मध्ये काही महिने त्यांच्याकडे नोकरी केली. भट्टी पेटवणे, धूळ झटकणे, टपाल लावणे आणि १८३० च्या खानेसुमारीतील सुमारे ३०,००० मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची नावे वर्णानुक्रमे लावणे ही त्यांची कामे. एकदा वुडसन बाहेरगावी आहेत असे समजून कर्मचारी पत्ते खेळत बसले आणि वुडसन अवचित परतले. ते रागावले नाहीत. सर्वांना बोलावून त्यांनी या कामाच्या जबाबदारीविषयी गंभीरपणे सांगितले, अशी आठवण ह्यूज यांनी नोंदवली आहे. इतरांकडून ते जेवढे काम घेत, त्याहून अधिक स्वतः करीत.

ते हट्टी होते आणि सहकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत. डू बॉइस यांच्या पुढाकाराने आखल्या गेलेल्या विश्वकोशाच्या योजनेपासून ते दूर राहिले आणि स्वतःचा सहा खंडांचा विश्वकोश तयार करू लागले. तो अपुराच राहिला. त्यांच्या शालेय पुस्तकांत कर्तबगार व्यक्तींच्या चरित्रांवर भर अधिक असून सामान्य माणसांच्या जीवनाला त्या मानाने कमी जागा आहे, अशी टीका केली जाते. ती बरीचशी रास्त आहे. जोन्स यांच्या घरी ‘मेन ऑफ मार्क’ वाचणाऱ्या तरुणाची छाप त्या पुस्तकांवर अखेरपर्यंत राहिली.

मृत्यू आणि वारसा

हृदयविकाराने ३ एप्रिल, १९५० रोजी वॉशिंग्टन येथील राहत्या घरी वुडसन यांचे निधन झाले. मेरीलँडमधील सूटलँड येथील लिंकन मेमोरियल स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. जमवलेली सुमारे ५,००० कागदपत्रे त्यांनी हयातीतच लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली होती.

सप्ताहाचे रूपांतर १९७६ मध्ये महिन्यात झाले आणि अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यास मान्यता दिली. त्यांचे घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. शिकागोमध्ये संस्थेचे एक सहसंस्थापक जॉर्ज क्लीव्हलँड हॉल यांच्या नावाने १९३२ मध्ये ग्रंथालयाची शाखा उघडली. तेथे व्हिव्हियन हार्श यांनी कृष्णवर्णीयांविषयीच्या पुस्तकांचा मोठा संग्रह उभा केला, तर बालविभागाच्या शार्लमे हिल रोलिन्स यांनी अवमानकारक चित्रण टाळून मुलांसाठी पुस्तके कशी निवडावीत याची मार्गदर्शिका १९४१ मध्ये तयार केली. हार्श यांचा संग्रह १९७५ पासून त्याच शहरातील कार्टर जी. वुडसन रीजनल लायब्ररीत आहे. अमेरिकेतील विविध वांशिक समाजांचे जीवन प्रामाणिकपणे दाखवणाऱ्या मुलांच्या व कुमारांच्या पुस्तकांना ‘नॅशनल कौन्सिल फॉर द सोशल स्टडीज’ ही संस्था १९७४ पासून वुडसन यांच्या नावाचा पुरस्कार देते.